बायकोच्या डोक्यावर ठेवलेला हात

बिबडे घालायच्या दिवशी, गच्चीवर गल्लीतल्या बायका जमलेल्या असताना, मी माझ्या बायकोचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि ओरडलो की हिच्या डोक्यातली लाट बंद पडली आहे. ही माझी चूक. लाट म्हणजे नेमकं काय हे मला धड माहीत नव्हतं. ती चालू आहे की बंद, हे ठरवायचा अधिकार मला कोणी दिला नव्हता. आणि ओरडायची तर अजिबात गरज नव्हती, कारण बायको माझ्या हातातच होती.

पण हे एकाएकी झालं नाही. त्याआधी बरेच दिवस मी आतल्या आत भीत होतो, आणि असा माणूस कुठे ना कुठे ओरडतोच.

धरणगावात माझं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरची नाहीतर बोअरची मोटार जळाली की शेतकरी ती माझ्याकडे आणून टाकतो. मी आतली जळकी तार काढून नवी भरतो, मोटार चालू करतो आणि तिच्या अंगावर तळहात ठेवून डोळे मिटतो. मग गंभीर आवाजात सांगतो, ‘‘तार झाली, पण बेअरिंगही गेलंय.’’ गिऱ्हाईक गार पडतं. खरं सांगायचं तर निम्म्या वेळा ते मला आवाजावरूनच कळलेलं असतं. पण डोळे मिटून सांगितलं की बोलण्याला वजन येतं, आणि या वजनाची मला इतक्या वर्षांत चटक लागली होती.

आयुष्यभर मान वाकवून तार भरल्यावर मानेनं एक दिवस संप केला. गोळ्या झाल्या, शेक झाला, पट्टा झाला. पट्टा लावून दुकानात बसलो की लोक मोटारीची चौकशी सोडून माझीच करायचे. तेव्हा एका पाहुण्यानं सांगितलं, धुळ्याला एक बाई आहेत, त्या नुसता डोक्याला हात लावतात. ना चोळतात, ना मोडतात. मला ते एकदम आपल्यातलंच वाटलं. हात लावून सांगणारी माणसं आम्ही.

धुळ्यात देवपूर भागात त्यांच्या दोन खोल्या होत्या. पंख्याचा आवाजही ऐकू येणार नाही अशी शांतता. उपचाराचं नाव क्रेनिओसॅक्रल थेरपी. ते मला परतीच्या वाटेवर अमळनेर आल्यावर कुठे नीट म्हणता आलं. बाई मोठ्या सरळ. म्हणाल्या, ‘‘मेंदू आणि पाठीच्या मणक्यातला मज्जारज्जू ज्या पाण्यात असतो, त्या पाण्याची एक संथ हालचाल असते असं आमच्या पद्धतीत मानतात. श्वास वेगळा, नाडी वेगळी, ही तिसरी. समुद्राला भरती-ओहोटी असते ना, तशी. डॉक्टर लोक हे मानत नाहीत, तेही आधीच सांगते.’’

मी टेबलावर अंगातल्या कपड्यांनिशी उताणा झोपलो. त्यांनी माझ्या कवटीखाली हात ठेवले. एखादं नाणं ठेवावं इतका हलका भार. आधी काहीच नव्हतं. मग डोकं जड झालं, मग ते आपलं नसल्यासारखं वाटायला लागलं, आणि मग आत कुठेतरी काहीतरी फुगलं आणि ओसरलं. परत फुगलं, परत ओसरलं. मी मनात म्हटलं, अरे, ही तर चालू मोटार! त्यानंतरचं मला आठवत नाही, कारण मी झोपलो.

उठलो तेव्हा मान हलकी होती. ती त्यांच्या हातांमुळे झाली की दिवसाढवळ्या मिळालेल्या झोपेमुळे, हे आजही मी छातीठोक सांगू शकत नाही. निघताना त्यांनी मला माझाच तळहात माझ्या मांडीवर ठेवायला लावला आणि लाट लागते का बघायला सांगितलं. लागली. म्हणजे मला तरी वाटलं लागली. ‘‘तुमचा हात चांगला आहे,’’ असं त्या म्हणाल्या. पुढे आणखीही काही म्हणाल्या. ही ऐकायची गोष्ट आहे, निदान करायची नाही, दुसऱ्यांवर प्रयोग करू नका, असं काहीतरी. पण ‘तुमचा हात चांगला आहे’ एवढं कानात शिरल्यावर माझे कान भरले होते.

पुढचे काही दिवस धरणगावात माझ्या हातून कोणाचं डोकं सुटलं नाही. दुकानात मोटार घेऊन आलेल्यांना मी आधी बाकावर बसवायचो, मग त्यांचं डोकं, मग मोटार. शेजारच्या अक्का वयानं मोठ्या, तोंडानं त्याहून मोठ्या. त्यांच्याही डोक्यावर मी हात ठेवून डोळे मिटले.

‘‘काय करी राहिना रे भाऊ?’’

‘‘लाट बघतोय अक्का. तुमची छान आहे.’’

‘‘हात ठेवेलच शे ते मंग जरा दाबी दे.’’

मी दाबलं नाही म्हणून त्या रागावल्या. भावाच्या गोठ्यात जाऊन मी म्हशीच्या कपाळावरही हात ठेवला. म्हशीची लाट माणसापेक्षा संथ लागली आणि ते मला अगदी पटलं. एकदा घरात कोणी नसताना स्वयंपाकघरातल्या टरबुजावर हात ठेवला. टरबुजातही लाट होती. शहाण्या माणसानं तिथेच हात धुऊन घेतले असते. मी ते टरबूज कापून खाल्लं आणि कोणाला काही बोललो नाही.

राहिली होती ती बायको. ती काही हाती लागत नव्हती. ‘‘माझं डोकं कामात आहे,’’ म्हणायची. उन्हाळ्याचे दिवस, पापड-कुरडयांची घाई. आज या घरी, उद्या त्या घरी, सगळ्या मिळून हात चालवायच्या. मी दारात उभा राहून माझ्या हाताची थोरवी सांगायचो आणि ती लाटण्यानं मला बाजूला व्हायची खूण करायची.

आणि मग एका दुपारी ती आपण होऊन आली. मी सतरंजीवर पडलो होतो. ती शेजारी बसली, भिंतीला टेकली आणि म्हणाली, ‘‘बघा बरं माझं.’’

मला इतका आनंद झाला, की आज हे कसं काय असं विचारायचं सुचलंच नाही. मी तिच्या मागे बसलो, तिच्या कानांच्या वर दोन्ही तळहात टेकवले आणि डोळे मिटले.

काहीच नव्हतं.

मी हात थोडे मागे घेतले. नाही. थोडे वर. नाही. श्वास रोखून बसलो. पलीकडच्या गल्लीतली पिठाची गिरणी मला ऐकू येत होती, माझ्या स्वतःच्या छातीतले ठोके ऐकू येत होते, पण हातांखाली नुसतं गप्प. दगडावर हात ठेवावा तसं. दगडाचं तरी काय सांगू, टरबूज बोललं होतं.

मोटारीला करंट मिळत असतो आणि तरी ती फिरत नाही, अशी एक वेळ असते. बाहेरून सगळं ठीक दिसतं. पण त्या वेळी बटण बंद केलं नाही तर थोड्याच वेळात आतून धूर येतो. माझ्या तळहातांना घाम फुटला. कारण मला एकदम माझी सासू आठवली. ती हिच्याच वयाची असताना गेली. डोक्यात गाठ निघाली होती, आणि ती कळली तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. आमचं लग्न त्यानंतर झालं, म्हणून मी सासूला फोटोतच पाहिलंय. फोटोतलं कपाळ आणि माझ्या हातातलं कपाळ सारखंच.

‘‘काय?’’ बायकोनं विचारलं.

‘‘छान आहे,’’ मी म्हणालो.

ती थोडा वेळ बसून राहिली. मग भिंतीला धरून उठली आणि आत गेली.

त्या दिवसापासून मी चोर झालो. ती भाजी चिरत असली की मागून जाऊन केसांत काहीतरी अडकलंय म्हणून हात लावायचो. ती दुपारी पडली की उशाशी बसून अंदाज घ्यायचो. ती आडवी होत नव्हती, दोन उशा पाठीशी घेऊन अर्धी बसूनच झोपायची. मला वाटलं, उकाड्यामुळे असेल. माळ्यावरचा डबा हवा असला की मला हाक मारायची, वर बघायचीच नाही. मला वाटलं, नवऱ्याला कामाला लावते आहे. डोळ्यांना दिसत होतं ते सगळं मी सोडून देत होतो आणि हातांना लागत नव्हतं त्याच्यामागे लागलो होतो.

लाट काही परत आली नाही. दुकानात माझ्या हातून एका मोटारीची जोडणी उलटी झाली आणि ती पाणी वर फेकायच्या ऐवजी नुसती गुरगुरत राहिली. शेतकरी म्हणाला, ‘‘नाना, लक्ष कुठे आहे?’’ मी त्याच्या डोक्याकडे बघत होतो. त्याच्या डोक्यात लाट असणार, याची मला खात्री होती. सगळ्या जगाच्या डोक्यात असणार. एक माझ्या घरात नव्हती.

विचारायचं कोणाला? धुळ्याच्या बाईंना फोन लावायचा तर त्यांनी प्रयोग करू नका म्हटलेलं. डॉक्टरकडे जायचं तर काय सांगायचं? आणि बायकोला सांगायचं म्हणजे, तुझ्या आईसारखं झालंय, असंच सांगायचं की. मी गप्प बसलो. मोटारीत बिघाड आहे हे कळूनही गिऱ्हाइकाला न सांगणाऱ्या कारागिराला मी आयुष्यभर शिव्या दिल्या आहेत.

मग आमच्या घरच्या बिबड्यांचा दिवस आला. बाहेरच्यांसाठी सांगतो, बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड. ज्वारी काही दिवस भिजत घालायची, मग दळून तिचा घाटा शिजवायचा आणि तो गरम असतानाच ओल्या धोतरावर थापून उन्हात वाळवायचा. घाटा एकदा शिजला की थांबत नाही; निवला की थापला जात नाही, ठेवला की आंबतो. म्हणून ज्या घरचा घाटा, त्या घरी गल्लीतल्या सगळ्या बायका सकाळीच हजर होतात, आणि घरची बाई आजारी आहे हे कारण त्या दिवशी चालत नाही. तिनं स्वतःही ते चालवून घेतलेलं नसतं.

सकाळचं ऊन अजून कोवळं होतं. गच्चीभर ओली धोतरं अंथरली होती. मी जिन्याच्या तोंडाशी बसून वाटीतला घाटा तेल घालून खात होतो आणि बायकोवर नजर ठेवून होतो. ती वाकली, एक गोळा थापला, आणि दुसऱ्या गोळ्यासाठी मान वर केली तशी एका बाजूला झुकली. झुकली म्हणजे अंगातलं कोणीतरी तिला ओढतंय अशी. तिचा हात हवेत काहीतरी शोधायला लागला आणि पाण्याच्या टाकीच्या पाइपाला लागला.

वाटी माझ्या हातातून पडली. मी धोतरांवरून, थापलेल्या बिबड्यांवरून धावलो, तिचं डोकं धरलं आणि ओरडलो. ‘‘कोणी हात लावू नका! हिच्या डोक्यातली लाट बंद पडलीय! कधीची बंद पडलीय!’’

सगळ्या बायकांचे हात जागच्या जागी थांबले. अक्का तेवढ्या बोलल्या, ‘‘पाय काढ रे, पाय काढ! बठ्ठा घाटा तुडाई दिन्हा!’’

मला वाटलं, आता बायको मला झिडकारेल. चारचौघांत डोकं धरलं म्हणून तरी नक्की. मी त्याची वाटच बघत होतो. तिनं झिडकारलं असतं तर माझी निम्मी भीती गेली असती. पण ती हळूच खाली बसली. तिचा चेहरा घाट्यासारखा पांढरा झाला होता. ती इतकंच म्हणाली,

‘‘म्हणजे त्या दिवशी लागली नव्हती ना?’’

तोपर्यंत मी भ्यालो होतो ते माझ्या हातांच्या भरवशावर. त्या क्षणी मी खरा भ्यालो. कारण तिनं माझ्यावर विश्वास ठेवला होता, आणि हे आमच्या संसारात सहसा होत नाही.

जळगावच्या दवाखान्यात न्यायला शेजाऱ्याची गाडी काढली. अक्का म्हणाल्या, ‘‘तुम्ही जा. घाटा आम्ही पाही लेतस.’’ मी मागे तिच्याशेजारी बसलो. पाळधी येईपर्यंत ती डोळे मिटून, मान ताठ धरून होती. गाडी वळली की माझ्या मनगटात तिची नखं रुतायची. मग डोळे न उघडताच बोलायला लागली.

‘‘आईचंही असंच सुरू झालं होतं. गरगरायचं तिला. आम्हाला वाटायचं, उपास करते म्हणून.’’

‘‘तुला गरगरतंय?’’

‘‘बरेच दिवस झाले.’’

‘‘आणि मला सांगितलं नाहीस?’’

‘‘सांगणार काय? सांगितलं की उद्या तुम्ही म्हशीला सांगणार.’’ मग म्हणाली, ‘‘म्हणून तर त्या दुपारी आपण होऊन बसले तुमच्यापुढे. वाटलं, एवढ्या लोकांची डोकी बघता, काही असेल तर हाताला लागेल तुमच्या.’’

‘‘मी छान आहे म्हणालो.’’

‘‘तुम्ही खोटं बोलता तेव्हा आधी खाकरता. तेव्हाही खाकरलात.’’

म्हणजे एवढे दिवस एकाच घरात आम्ही दोघंही तेच भय घेऊन फिरत होतो. मी तिच्यापासून लपवत होतो, ती माझ्यापासून, आणि दोघांनी मिळून ते पोसून मोठं केलं होतं.

बांभोरीचा पूल आला. खाली गिरणा नदीचं कोरडं पात्र. ती म्हणाली, ‘‘चहाची पत्ती बिस्किटाच्या डब्यात आहे. डब्यावर साखर लिहिलंय, तिकडे लक्ष देऊ नका.’’

‘‘गप्प बस.’’

‘‘पोरीला आत्ता फोन करू नका. ती पुण्याहून धावत येईल, प्रवासभर रडेल. आधी काय ते कळू द्या. आणि लोणच्याची बरणी तुम्ही उघडू नका, तुमचे हात ओले असतात.’’

मी तिला गप्प बस म्हणत होतो आणि मनात एकेक गोष्ट पाठ करत होतो. पत्ती बिस्किटाच्या डब्यात. हात कोरडे. मला याआधी माझ्या स्वतःच्या घरातला चहा कुठे असतो हे माहीत नव्हतं. बाहेर केळीचे ट्रक जात होते, जळगावचं ऊन चढत होतं, आणि मी पुन्हा पहिल्यापासून घोकत होतो.

दवाखान्यात पहिल्यांदा भेटले ते तरुण डॉक्टर. त्यांनी तिला विचारलं, काय होतंय. उत्तर मी दिलं.

‘‘लाट बंद पडली आहे.’’

‘‘उन्हाची लाट? ऊन लागलंय का यांना?’’

मी त्यांना मेंदूतलं पाणी, भरती, ओहोटी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. मग मी सासूच्या गाठीचं सांगितलं, तेव्हा मात्र ते गंभीर झाले. मोठ्या मॅडम संध्याकाळी येतील, तोवर डोक्याचा एमआरआय करून घेऊ म्हणाले.

तिच्या कानातलं, बांगड्या, मंगळसूत्र काढून माझ्या हातात दिलं. बाकीचं मी खिशात घातलं, मंगळसूत्र मुठीतच राहिलं. मी बाकावर बसलो. दार बंद झालं. आतून आधी ठक ठक आवाज आला, मग घूं, मग जळायच्या बेतात असलेल्या मोटारीसारखी एक लांबलचक घरघर. मला माहीत आहे, त्या यंत्रातही कॉइलच असते, माझ्याच धंद्यातली. एरवी मी आत डोकावून चार गोष्टी सांगितल्या असत्या. आता मी भिंतीला तळहात लावून उभा राहिलो. भिंत थरथरत होती. आत ती पडलेली. त्या थरथरीतून तिचं काही कळेल का म्हणून मी हात काढेना, तेव्हा तिथल्या माणसानं येऊन मला बाजूला बसवलं.

तेव्हा मी धुळ्याच्या बाईंना फोन लावला. सगळं भडाभडा सांगितलं. बायकोची लाट थांबली आहे, आता काय होणार?

पलीकडून त्या म्हणाल्या, ‘‘अहो, ती मधूनमधून थांबते असं आमच्यात मानतात. ते थांबणं चांगलं समजतात, अंग विसावलं म्हणतात. मी तुम्हाला टेबलावर हे सगळं सांगितलं होतं.’’

‘‘मला नाही आठवत.’’

‘‘कसं आठवेल? तुम्ही घोरत होतात.’’ मग त्यांचा आवाज बदलला. ‘‘आणि लाटेचं सोडा. त्यांना गरगरतं म्हणालात ना? तुम्ही डॉक्टरांकडे नेलंत हे बरं केलंत. हे तरी बरं केलंत.’’

रिपोर्ट संध्याकाळी आला. डोक्यात काही नव्हतं. गाठ नाही, रक्त नाही, काही नाही. मी तरुण डॉक्टरांचे हात धरले. बायकोला सांगितलं, तर ती नुसती मान हलवायला गेली आणि पुन्हा पलंगाची दांडी धरून बसली. डोळे घट्ट मिटलेले. मशीन म्हणतं काही नाही, आणि ही समोर बुडते आहे. मग माझी भीती दुप्पट झाली. आधी भीतीला निदान नाव तरी होतं.

मोठ्या मॅडम आल्या. कान-नाक-घशाच्या. माझ्या मुलीहून फार तर चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी मला काहीही विचारलं नाही. खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या.

‘‘ताई, बसल्या बसल्या गरगरतं, की हालचाल केली की?’’

‘‘आडवी झाले की. कूस बदलली की. वर बघितलं की.’’

‘‘कोणती कूस?’’

‘‘उजवी.’’

‘‘म्हणून बसून झोपता?’’

‘‘हो.’’

एवढं सोपं होतं ते. प्रश्न विचारायचा, उत्तर घ्यायचं. एवढे दिवस मी तिच्या डोक्याशी बसलो होतो आणि कोणती कूस हे मला माहीत नव्हतं.

मॅडमनी तिला पलंगावर बसवलं, तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं, उजवीकडे वळवलं आणि एकदम तिला मागे पाडलं. डोकं पलंगाच्या कडेवरून खाली लोंबत राहिलं. ‘‘डोळे उघडे ठेवा ताई. कितीही गरगरलं तरी उघडे.’’

आधी काही झालं नाही. आणि मग तिचे डोळे हलायला लागले.

मी कधी असं पाहिलं नव्हतं. दोन्ही बुबुळं एकाच वेळी थरथरत एका बाजूला फिरत होती, झटक्यानं जागेवर येत होती, परत फिरत होती. पुन्हा पुन्हा. एका लयीत. कोणीतरी आतून ती ओढतंय आणि सोडतंय. ती माझ्याकडे बघत होती, पण तिला मी दिसत नव्हतो. तिच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला आणि तिचा हात हवेत माझा शर्ट शोधायला लागला.

‘‘ती चालली!’’ मी ओरडलो. ‘‘मॅडम, सोडा तिला, ती चालली!’’

‘‘कुठेही चाललेल्या नाहीत,’’ मॅडम तिच्या डोळ्यांवरची नजर न हलवता म्हणाल्या. ‘‘हेच बघायचं होतं मला. तुम्ही त्यांचा हात धरा आणि शांत उभे राहा.’’

मी हात धरला. डोळ्यांची ती थरथर मंद झाली, मग थांबली. मॅडमनी डोकं सावकाश डावीकडे वळवलं, थांबल्या. मग तिला कुशीवर करून आणखी वळवलं, चेहरा जमिनीकडे, पुन्हा थांबल्या. मग उठवून बसवलं. बोलत होत्या तिच्याशीच. कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या बारीक नळ्या असतात, त्यात पाणी असतं. कॅल्शियमचे कण आपली जागा सोडून त्या नळीत शिरले की मान हलवली तरी ते पाणी ढवळतं, आणि मेंदूला वाटतं जग फिरतंय. डोकं ठरावीक पद्धतीनं फिरवलं की कण परत जागेवर जातात. गाठीबिठीशी याचा संबंध नाही.

पाणी होतं म्हणजे, मी मनात म्हटलं. अगदीच नव्हतं असं नाही. पण तोंड उघडलं नाही.

बायको बसून राहिली. एकदा डावीकडे बघितलं. एकदा उजवीकडे. मग, जपून, छताकडे. छताला पंखा होता. ती बराच वेळ त्या पंख्याकडे बघत राहिली.

‘‘फिरतोय?’’ मी घाबरत विचारलं.

‘‘पंखा फिरतोय,’’ ती म्हणाली. ‘‘खोली नाही.’’

मी तिथेच खाली बसलो आणि रडलो. मंगळसूत्र अजून माझ्या मुठीत होतं. मूठ उघडली तर तळहातावर मण्यांचे वळ उठलेले. तिनं ते काढून घेतलं आणि स्वतःच गळ्यात घातलं.

मॅडम म्हणाल्या, ‘‘हे पुन्हा होऊ शकतं. घाबरायचं नाही. डोकं कसं वळवायचं ते घरातल्या एका माणसाला शिकवून ठेवते, म्हणजे प्रत्येक वेळी धावत यायला नको.’’ आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी डोळे पुसले, दोन्ही तळहात शर्टाला घासून कोरडे केले आणि पुढे झालो.

‘‘ह्यांना नका शिकवू, मॅडम,’’ बायको म्हणाली. ‘‘गल्लीत एकाचंही डोकं जागेवर राहायचं नाही.’’